मागच्या सीटलाही विचारा! कार क्लबची पेंटबॉल सहल आखताना

तुमच्या घरात कुणी एखाद्या कार क्लबचं मेंबर असेल, तर हे चित्र ओळखीचं वाटेल. रविवारी रात्री ग्रुपवर मेसेज येतो, "पुढच्या महिन्यात सगळे मिळून पेंटबॉलला जायचं का?" पाच मिनिटांत अंगठ्यांची रांग लागते. कुणी मागच्या ड्राइव्हचा फोटो टाकतं, कुणी म्हणतं, "आपली गाडी सगळ्यात पुढे!" आणि घरातल्या बाकीच्यांना ही बातमी कधी कळते? बहुतेक वेळा बुकिंग झाल्यावर.

कार क्लब म्हणजे साधारणपणे एकाच मॉडेलची गाडी असलेल्यांचा किंवा एकाच शहरातल्या गाडीवेड्यांचा ग्रुप. सुरुवात मायलेज, सर्व्हिसिंग आणि टायरच्या गप्पांनी होते. मग एखाद्या रविवारी सगळे मिसळ खायला भेटतात, मग मोठी ड्राइव्ह ठरते आणि हळूहळू घरचेही एकमेकांना ओळखू लागतात. बंगळुरू, हैदराबाद, इंदूर किंवा बडोद्यात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना तर असा ग्रुप म्हणजे नव्या गावात मिळालेलं गणगोतच वाटतं.

पण एक गंमत लक्षात घ्या. ग्रुपमध्ये नंबर असतो तो स्टिअरिंग धरणाऱ्याचा. समजा १२ गाड्या निघाल्या, तर ग्रुपवर १२ जण बोललेले असतात आणि प्रत्यक्ष मैदानावर उतरतात ४० माणसं. म्हणजे २८ जणांना कुणी काही विचारलेलंच नसतं. त्यांत कुणाच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणी नऊ वर्षांचं असतं, कुणाला गोळी लागण्याची मनापासून भीती वाटत असते. मी पंचवीस वर्षांची आहे आणि आमच्या घरच्या गाडीत अजूनही माझी जागा मागेच असते. त्यामुळे आजच्या लेखात या सहलीची आखणी मागच्या सीटपासून सुरू करू या.

आधी खेळ समजून घेऊ

पेंटबॉलमध्ये दोन संघ असतात. प्रत्येकाच्या हातात हवेच्या किंवा कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणारं एक यंत्र असतं. त्याला बंदूक न म्हणता 'मार्कर' म्हणतात. त्यातून रंगाने भरलेली छोटी गोळी सुटते. अंगावर ती फुटली आणि रंगाचा डाग पडला की तुम्ही त्या डावापुरते बाद.

या खेळाचा जन्म मजेशीर आहे. जंगलात तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करण्यासाठी अमेरिकेत अशी यंत्रं वापरत असत. १९८१ च्या जून महिन्यात न्यू हॅम्पशायर राज्यातल्या जंगलात १२ मित्रांनी तीच यंत्रं घेऊन पहिला डाव मांडला. वाद असा होता की शहरी माणूस जंगलात टिकेल की गावाकडचाच वरचढ ठरेल. चार ठिकाणचे झेंडे गोळा करून बाहेर यायचं होतं. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस, आणि त्याने संपूर्ण खेळात एकही गोळी झाडली नाही! तो कुणाला दिसलाच नाही.

ही गोष्ट सहलीच्या आधी घरी नक्की सांगा. "मला नेम धरता येत नाही, मी काय खेळणार?" असं म्हणणाऱ्या मावशी किंवा वहिनी तुमच्याही ग्रुपमध्ये असतील. लपणं, थांबणं, बघून पुढे सरकणं, जोडीदाराला इशारा करणं हे सगळं या खेळात नेमाइतकंच उपयोगी पडतं.

आता दुसरी बाजू. साधारण १७ मिलिमीटर व्यासाची ही गोळी मोठ्या मार्करमधून सेकंदाला ९० मीटरपर्यंतच्या वेगाने सुटू शकते. गाडीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. कपड्यांवरून लागली तर चिमटा काढल्यासारखं दुखतं, उघड्या कातडीवर लागली तर नाण्याएवढा निळा डाग काही दिवस राहतो. डोळ्याला लागली तर मात्र दृष्टी जाऊ शकते. म्हणून हा खेळ घाबरण्यासारखा नसला, तरी हलक्यात घेण्यासारखाही नाही.

पहिलं काम : खरी मोजणी

"किती गाड्या?" या प्रश्नाऐवजी ग्रुपवर "किती माणसं आणि त्यांतली किती खेळणार?" असं विचारा. प्रत्येक घरातून तीन आकडे मागवा : खेळणारे मोठे, खेळू इच्छिणारी मुलं (वयासकट) आणि न खेळणारे. शक्य असेल तर हे उत्तर गाडीमालकाने एकट्याने देऊ नये. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी फोनवर सांगावं. "ही नाही खेळणार" असं नवऱ्याने परस्पर लिहून टाकलेलं असतं आणि तिला खेळायचं असतं, असं अनेकदा होतं. उलटही होतं. एखादा मुलगा केवळ बाबांना वाईट वाटेल म्हणून हो म्हणतो.

काही जणांनी हा खेळ टाळलेलाच बरा : गरोदर बायका, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, हृदयविकार असलेले, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे. दमा असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा आणि इनहेलर खिशात ठेवा. ही माहिती चारचौघांत विचारायची नसते. आयोजकांपैकी एकाने प्रत्येक घराशी स्वतंत्र बोलावं. ग्रुपवर कुणाचा आजार जाहीर होता कामा नये.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. पेंटबॉलचं वरचं कवच जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांपासून बनतं. तुमच्या क्लबमध्ये जैन किंवा कडक शाकाहारी कुटुंबं असतील, तर त्यांना आधीच सांगा. कुणाला चालेल, कुणाला नाही. निर्णय त्यांचा, पण माहिती देणं आपलं काम.

मैदान निवडताना काय विचाराल?

मुंबई-पुण्याच्या मंडळींना लोणावळा-कर्जत पट्टा सोयीचा पडतो. बंगळुरू आणि दिल्ली-गुरुग्रामच्या आसपासही अशी मैदानं आहेत. जाहिरातीतले फोटो सगळीकडे छानच असतात. म्हणून फोन करून, जमल्यास दोघांनी आधी जाऊन, हे प्रश्न विचारा :

• एका वेळी किती जण खेळू शकतात? एक डाव किती मिनिटांचा?

• मुलांसाठी वयाची अट काय? ही अट ठिकाणागणिक वेगळी असते. लहान मुलांसाठी कमी ताकदीचे, छोट्या गोळीचे मार्कर आहेत का?

• चेहरा, कान आणि डोळे पूर्ण झाकणारे मास्क आहेत ना? नुसते गॉगल चालणार नाहीत. चष्म्यावर मास्क बसतो का?

• मार्करमधून सुटणाऱ्या गोळीचा वेग मोजायचं यंत्र आहे का आणि ते रोज वापरतात का?

• मैदानाभोवती जाळी आहे का? बघणारे कुठे बसतात? गाड्या कुठे लावायच्या? (बघणाऱ्यांचं आसन जाळीच्या बाहेर हवं आणि पार्किंग मैदानापासून लांब. नव्या गाडीवर रंगाची गोळी आदळली तर क्लबमध्ये दुसरंच युद्ध सुरू होईल!)

• बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट आणि कपडे बदलायची जागा आहे का? आजी-आजोबांसाठी सावली?

• प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारा माणूस आहे का? सर्वांत जवळचं हॉस्पिटल किती लांब?

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलं. म्हणून "तुमची नोंदणी आहे का?" हेही मोकळेपणाने विचारा. चांगला चालक अशा प्रश्नांनी रागावत नाही. "काही होत नाही हो, रोज लोक खेळतात" एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरं मैदान शोधा.

सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. पावसाळ्यात घाटात धुकं असतं, मैदान निसरडं होतं आणि मास्कच्या काचेवर सतत वाफ धरते. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मास्क घालून धावणं म्हणजे उन्हाचा त्रास ओढवून घेणं.

पैशाचं आधीच बोला

बहुतेक ठिकाणी पॅकेजमध्ये ठराविक गोळ्या मिळतात आणि नंतरच्या गोळ्यांचे वेगळे पैसे पडतात. उत्साहाच्या भरात पहिल्याच डावात गोळ्या संपतात आणि मग बिल वाढतं. म्हणून दोन आकडे आधीच जाहीर करा : खेळणाऱ्याचा पूर्ण खर्च आणि न खेळणाऱ्याचा खर्च. न खेळणाऱ्याकडून फक्त नाश्ता-जेवणाचे आणि प्रवेश शुल्क असेल तर तेवढेच पैसे घ्या. टोल आणि पेट्रोल प्रत्येक गाडीने आपापलं करायचं असेल, तर तेही लिहा.

क्लबमध्ये सगळ्यांची गाडी सारखी असली, म्हणून सगळ्यांचा हात सारखा मोकळा असतो असं नाही. कुणाच्या गाडीचा हप्ता चालू असतो, कुणाची नोकरी बदलायच्या बेतात असते. चार जणांच्या घराला अशी सहल जड जाऊ शकते आणि तसं ग्रुपवर कुणी लिहीत नाही. माणूस "जरा काम आहे" म्हणून गळतो. पूर्ण आकडा आधी कळला, तर "आम्ही दोघं खेळतो, दोघं बघतो" असा मधला मार्ग तरी काढता येतो. पैसे एकाच्याच यूपीआयवर जमा करा, शेवटची तारीख ठेवा आणि सहलीनंतर दोन दिवसांत हिशोब ग्रुपवर टाका. क्लबमधली मैत्री टिकवायची असेल, तर हे शेवटचं काम विसरू नका.

रस्त्यावर : ताफा नको, तुकड्या करा

कार क्लबच्या सहलीत सगळ्यांना हौस असते ती गाड्यांची लांबलचक रांग करून जाण्याची. फोटोत ती छान दिसते, रस्त्यावर मात्र त्रासाची ठरते. हिशोब करून बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवायचं, तर ते ८० मीटरच्या वर होतं. म्हणजे १२ गाड्यांची रांग सुमारे एक किलोमीटर लांब होईल. मध्ये इतर वाहनं येणारच. ती येऊ नयेत म्हणून अंतर कमी केलं, की पुढच्याने ब्रेक मारताच मागचे एकमेकांवर आदळणार.

त्यापेक्षा चार-चार गाड्यांच्या तीन तुकड्या करा आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडा. प्रत्येक तुकडीत पुढे रस्ता माहीत असलेला, मागे शांत डोक्याचा अनुभवी ड्रायव्हर. कुणी मागे पडलं तर घाई नाही, पुढचा थांबा सगळ्यांना माहीत आहे. थांबा फूड प्लाझावर किंवा पेट्रोल पंपावर ठेवा. द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी उभी करून एकमेकांची वाट बघणं नियमात बसत नाही आणि जिवावरही बेतू शकतं.

प्रत्येक गाडीत ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याला एक पद द्या : को-पायलट. फोन त्याच्याच हातात राहील, ग्रुपवरचे मेसेज तोच वाचेल, नकाशा तोच बघेल. हे काम दहावीतली मुलगी उत्तम करते. ड्रायव्हरने फोनला हात लावला की त्याच्याकडून सगळ्यांना आइस्क्रीम, असा नियम करा. नियम मुलांनीच राबवायचा.

आणखी काही गोष्टी :

• चालत्या गाडीत हझार्ड लाइट लावू नका. चारही दिवे लुकलुकत असले की तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही.

• सनरूफमधून मुलं बाहेर काढून व्हिडिओ करायचा नाही. अचानक ब्रेक लागला की काय होईल, याची कल्पनाही नको.

• आदल्या दिवशी टायरमधली हवा, स्टेपनी, जॅक, फास्टॅगमधले पैसे आणि पेट्रोल तपासा. क्लबमध्ये इलेक्ट्रिक गाडी असेल, तर चार्जिंगचा थांबा सगळ्यांच्या वेळापत्रकात धरा. त्याला एकट्याला मागे सोडू नका.

• मागच्या सीटवरही सीटबेल्ट लावा. तो कायद्यानेच बंधनकारक आहे आणि न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पोलिसांच्या सांगण्यानुसार त्यांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, तरी ती एकटी काही करू शकली नाही. हे आठवलं तरी हात आपोआप बेल्टकडे जातो.

वेळापत्रक आणि संघ

समजा तुमच्या ४० जणांपैकी २४ जण खेळणार आहेत आणि मैदानावर एका वेळी १२ जणांना जागा आहे. सहा-सहा जणांचे चार संघ करा. प्रत्येक संघाने बाकीच्या तिघांशी एकदा खेळायचं, म्हणजे एकूण सहा डाव. एका डावाला १५ मिनिटं आणि मध्ये मास्क पुसायला, संघ बदलायला १० मिनिटं धरा. सहा डाव अडीच तासांत संपतात. सकाळी १० ला सुरू केलं, तर साडेबाराला हात धुऊन जेवायला मोकळे! प्रत्येकाला तीन डाव मिळतात आणि कुणी उपाशी, कुणी तुपाशी असं होत नाही.

संघांना नावं काय द्यायची? कार क्लबला ती शोधावी लागत नाहीत : पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि इलेक्ट्रिक. संघ चिठ्ठ्या टाकून करा, पण दोन अटींसह. एक, प्रत्येक संघात नवखे आणि खेळलेले मिसळून असावेत. दोन, लहान मुलांना या २४ जणांत धरू नका. त्यांचा वेगळा डाव कमी ताकदीच्या मार्करने, जेवणाच्या आधी किंवा नंतर घ्या. पंधरा वर्षांचा पोरगा आणि नव्वद किलोचे काका आमनेसामने आले, तर मैदानावरचा नियम दोघांनाही सारखा असतो, हे मात्र सुरुवातीलाच काकांना सांगा.

पंच मैदानाचा असतोच. आपल्या ग्रुपमधल्या एखाद्या आजोबांकडे गुणफलक सोपवा. बघता बघता ते स्पर्धेचे खरे अध्यक्ष होऊन बसतात आणि "मला कशाला आणलंत?" हा प्रश्न पुन्हा ऐकू येत नाही.

मास्क : इथे तडजोड नाही

संपूर्ण लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल, तर हा ठेवा. पेंटबॉलमध्ये डोळ्यांना होणाऱ्या गंभीर इजा बहुतांशी मास्क काढल्यावर किंवा वर सरकवल्यावर होतात. आणि माणूस मास्क का काढतो? काचेवर वाफ धरते म्हणून, घाम येतो म्हणून, सेल्फी काढायची असते म्हणून, किंवा आपण बाद झालो, आता कोण मारणार, असं वाटतं म्हणून. मैदानात डाव चालूच असतो आणि गोळी कुणाला ओळखत नाही.

म्हणून घरून निघतानाच सगळ्यांना हे नियम पाठ करायला लावा :

१. मैदानाच्या जाळीच्या आत मास्क काढायचा नाही. बाद झालात तरी नाही, डाव संपल्याची शिट्टी झाली तरी नाही. जाळीबाहेर सुरक्षित जागी आल्यावरच काढायचा.

२. काचेवर वाफ धरली, चष्मा सरकला, भीती वाटली, काहीही झालं तरी हात वर करून "आउट" ओरडायचं आणि बाहेर यायचं. मास्क बाहेर आल्यावर पुसायचा.

३. कुणाचा मास्क निघालेला दिसला, तर सगळ्यांनी गोळीबार थांबवायचा आणि पंचाला हाक मारायची. तो आपल्या संघातला आहे की नाही, हे बघायचं नाही.

४. डाव नसताना मार्करची नळी जमिनीकडे, तिच्या तोंडावर झाकण आणि बोट चापापासून लांब. गमतीतही कुणावर रोखायचा नाही.

५. अगदी जवळ, तीन-चार मीटरवर कुणी सापडलं, तर गोळी न मारता "सरेंडर" म्हणायचं. याचं नेमकं अंतर मैदानाचे लोक सांगतात, तेच पाळायचं.

यातला दुसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाहेर यायला मोकळीक असली, तरच माणूस आत मास्क काढत नाही. "काय रे, एवढ्यात घाबरलास?" असं कुणी ओरडलं, की पुढच्या वेळी तो मुलगा बाहेर यायचं टाळेल आणि आतच काच पुसायला मास्क वर करेल. म्हणून चिडवायचं नाही, हाही सुरक्षेचा नियमच आहे. आयोजकांनी हे सगळ्यांसमोर स्पष्ट सांगावं. पहिल्या डावात एखाद्या मोठ्याने मुद्दाम हात वर करून बाहेर येऊन दाखवलं, तर फारच छान. मुलं ऐकण्यापेक्षा बघून लवकर शिकतात.

कपडे सैल, पूर्ण बाह्यांचे आणि जुने घाला. पायात बूट, गळ्याला रुमाल. आत दोन टी-शर्ट असले की मार कमी लागतो. बायकांसाठी छातीचं संरक्षक जॅकेट मैदानावर मिळतं का, ते आधी विचारा. पेंटबॉलचा रंग सहसा पाण्याने निघतो, तरी परतताना सीटवर जुनी चादर अंथरा. गाडीवेड्यांना हे वेगळं सांगायला नको!

निळा डाग पडला तर थंड पाण्याची पट्टी ठेवा. डोळ्याला लागलं, तर मात्र डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, बर्फही लावायचा नाही. वरून अलगद कागदी कप धरून लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. दुखणं थांबलं, दिसायला लागलं, तरीही जायचं. सहलीला कुत्रा आणणारे असतील, तर जमिनीवरच्या गोळ्या त्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्या खाऊन कुत्र्यांना विषबाधा होते.

"तुम्ही खेळा, मी सामान सांभाळते"

हे वाक्य प्रत्येक सहलीत ऐकू येतं आणि ते बहुधा एखादी वहिनी, काकू किंवा आई बोलते. चार पर्सा, सहा मोबाइल, तीन पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचं तरी झोपलेलं बाळ घेऊन ती दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. संध्याकाळी सगळे विचारतात, "मजा आली ना?" तीही हो म्हणते.

याला उपाय अगदी सोपा आहे. सामान गाडीत ठेवून कुलूप लावा. मोबाइल आणि पाकिटांसाठी मैदानावर लॉकर आहे का ते विचारा. बाळं सांभाळायची पाळी लावा : पेट्रोल आणि डिझेलचा डाव असताना सीएनजीवाले आणि इलेक्ट्रिकवाले, मग उलट. त्यात बाबा लोकही आलेच. नाश्ता-जेवण तिथलंच घ्या. पहाटे चारला उठून चाळीस जणांचे पराठे करायची जबाबदारी कुणाच्याही घरावर टाकू नका.

आणि जिला खरंच खेळायचं नाही, तिला आग्रह करून करून मैदानात ढकलू नका. तिच्यासाठी पत्ते, पुस्तक, जवळपास फिरायची जागा, गप्पांची सावली हे सगळं आधीच ठरवलेलं असलं, की न खेळणंही सुट्टीच होते.

परतीचा प्रवास

धावून थकलेलं अंग, पोटभर जेवण आणि दुपारचं ऊन. झोप येणारच. जेवणानंतर तासभर तरी विश्रांती घ्या आणि शक्य त्या गाडीत दुसरा लायसन्सवाला ड्रायव्हर ठेवा. अंधार पडायच्या आत घाट उतरलेला बरा. "एकेक बिअर चालेल रे" असं कुणी म्हणालं, तर आयोजकांनी साफ नाही म्हणावं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि दंडाचं सोडा, मागे मुलं झोपलेली असतात.

अडचण आली तर देशभर ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर मदत मिळते. हे दोन्ही को-पायलटच्या फोनमध्ये आधीच सेव्ह करा. घरी पोहोचलेल्या प्रत्येक गाडीने ग्रुपवर "पोहोचलो" लिहायचं आणि शेवटची गाडी पोहोचेपर्यंत आयोजकांपैकी एकाने जागं राहायचं.

कॉपी करा, ग्रुपवर टाका

"मंडळी, पेंटबॉलची सहल ठरवतोय. हा मेसेज घरी सगळ्यांना वाचून दाखवा, मगच उत्तर द्या. (१) खेळणारे मोठे किती? (२) खेळू इच्छिणारी मुलं किती, वयं काय? (३) न खेळणारे किती, त्यांना काय करायला आवडेल? (४) गाडीत दुसरा ड्रायव्हर आहे का? तब्येतीबद्दल काही सांगायचं असेल, तर मला वेगळा फोन करा. खेळणाऱ्याचा आणि न खेळणाऱ्याचा खर्च उद्या कळवतो. मास्कचे नियम सोबत पाठवतोय. मुलांकडून पाठ करून घ्या आणि मग त्यांनी तुमची परीक्षा घ्यावी."

या मेसेजला उत्तरं यायला पाच मिनिटांऐवजी दोन दिवस लागतील. लागू द्या. त्या दोन दिवसांत बारा घरांमध्ये जेवताना या सहलीवर बोलणं होईल. कुणी आजी म्हणेल, "मी येते, पण गोळ्याबिळ्या नकोत." कुणी मुलगी म्हणेल, "आई, तू माझ्या टीममध्ये ये." आणि कुणीतरी मागच्या सीटवरून पहिल्यांदाच विचारेल, "जायचं कधी?"

तुमच्या क्लबची सहल ठरली, तर तुमच्या गाडीत मागे कोण बसलं होतं आणि मैदानावर त्यांनी काय केलं, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या लेखात. तोवर बेल्ट लावा, मास्क घाला आणि मजा करा!